उंच उडी आणि उतरण्याची जागा

केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, जंगलाच्या कडेचे गाव. धानाची चुरणी आटोपली की या भागात घरोघरी तणसाचे ढीग उभे राहतात आणि गावातली पोरे त्यांवर उड्या मारू लागतात. या उड्या एकदा निरखून पाहाव्यात. कोणी पोटावर पडतो, कोणी कोलांटी घेतो, तर कोणी ढिगाकडे पाठ करून स्वतःला मागे झोकून देतो. असे करा म्हणून त्यांना कोणी शिकवलेले नसते.

हीच मुले दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर उंच उडीसाठी उभी राहतात. दोन बांबू रोवलेले असतात, त्यांना सुतळी बांधलेली असते आणि पलीकडे थोडी वाळू किंवा नुसतीच उकरलेली माती असते. इथे एकही मुलगा पाठीवर पडत नाही. एक पाय सुतळीवरून टाकायचा, मागोमाग दुसरा ओढायचा आणि दोन्ही पायांवर उतरायचे, एवढेच सगळे करतात. मुले तीच आणि त्यांच्या पायांतली ताकदही तीच. मग उडी का बदलली?

उत्तर सोपे आहे. उतरायची जागा बदलली म्हणून उडी बदलली. हे उत्तर मनात ठेवून उंच उडीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले, तर विक्रमांची एरवी रूक्ष वाटणारी यादी वेगळीच दिसू लागते. खेळाडूंचे पाय दर पिढीत अधिक बळकट झाले म्हणून विक्रम वाढले, असे आपण सहसा समजतो. ते काही अंशी खरे आहे. पण आपले शरीर काठीवरून कोणत्या आकारात न्यायचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरला. त्याचे उत्तर भौतिकशास्त्राने दिले, त्यावर बंधने नियमांनी घातली, आणि ते उत्तर वापरता येईल की नाही हे पलीकडच्या जमिनीने ठरवले.

कात्रीपासून रोलपर्यंत

आधुनिक उंच उडीची सुरुवात एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये झाली. १८७६ साली ऑक्सफर्डचा विद्यार्थी मार्शल ब्रूक्स याने ६ फूट, म्हणजे १.८३ मीटर, उंची ओलांडली. त्या काळी हा आकडा फार मोठा वाटला. तेव्हाची उडी आजच्या शाळकरी मुलांसारखीच असे. पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकामागून एक वर जात, म्हणून तिला कात्री पद्धत म्हणतात. या पद्धतीत माणूस काठीवरून जवळजवळ बसलेल्या अवस्थेत जातो आणि पायांवर उतरतो. पलीकडे हिरवळ किंवा वाळू असताना दुसरे काही करणे शहाणपणाचेही नव्हते.

१८९५ साली अमेरिकेच्या मायकेल स्वीनीने याच पद्धतीत सुधारणा करून १.९७ मीटर उडी मारली. काठीवर असताना तो पाठ आडवी करी आणि मग कंबर वळवून पायांवर उतरे. या प्रकाराला ‘ईस्टर्न कट-ऑफ’ असे नाव पडले. पुढच्याच वर्षी अथेन्सला झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये एलरी क्लार्कने १.८१ मीटर उडीवर सुवर्णपदक जिंकले. स्वीनीच्या उंचीपेक्षा हे बरेच कमी आहे.

त्या काळच्या ऑलिंपिकमध्ये न धावता, जागेवरून मारायची उंच उडीही असे. १९०० साली पॅरिसमध्ये अमेरिकेच्या रे यूरीने अशा उडीत १.६५ मीटर उंची गाठली. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता, आणि पायांत बळ यावे म्हणून त्याने व्यायाम सुरू केला होता.

२.०० मीटरची उंची १९१२ साली कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज होराइनने गाठली. त्याची पद्धत नवी होती. इतर खेळाडू काठीपासून दूर असलेल्या पायावर रेटा देत, तर होराइन काठीजवळच्या पायावर रेटा देई. काठीवरून तो कुशीवर आडवा होऊन लोळत जाई आणि उतरताना उडीचा पाय व दोन्ही हात टेकवी. घराच्या परसात जागा अपुरी असल्याने त्याला सरावासाठी ‘उलट्या’ बाजूने धावत यावे लागे आणि त्यातूनच ही पद्धत निघाली, अशी हकिकत सांगितली जाते. या पद्धतीला ‘वेस्टर्न रोल’ म्हणतात. ‘आयएएएफ’ या जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने पुरुषांच्या उंच उडीचा पहिला अधिकृत विश्वविक्रम म्हणून होराइनच्या याच उडीची नोंद केली.

गुरुत्वमध्य कुठे असतो?

कुशीवर आडवे झाल्याने उंची का वाढते? त्यासाठी गुरुत्वमध्याची कल्पना लक्षात घ्यावी लागेल. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून थोडा वर असतो. पाय जमिनीवरून सुटला की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. हवेत हातपाय कितीही हलवले तरी तो मार्ग बदलत नाही. बदलता येते ते एवढेच, की त्या मार्गाभोवती शरीर कसे मांडायचे.

कात्री पद्धतीत धड उभे असते. त्यामुळे काठी आणि गुरुत्वमध्य यांत वीतभर किंवा त्याहूनही जास्त अंतर सोडावे लागते, आणि तेवढी उंची फुकट जाते. शरीर आडवे केले की हे अंतर बरेच कमी होते. आणि शरीर काठीभोवती कमानीसारखे वाकवले तर? तर गुरुत्वमध्य शरीराच्या बाहेर येतो. मग खेळाडू काठीवरून जात असताना त्याचा गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो.

हे विद्यार्थ्यांना प्रथम अशक्य वाटते. ते वर्गात दाखवता येते. जाड पुठ्ठ्याचा केळ्यासारखा वाकडा तुकडा कापा. दोन्ही टोकांजवळ एकेक भोक पाडा. मधल्या मोकळ्या जागेवर पातळ कागद चिकटवा. आता तुकडा एका भोकातून टाचणीवर लटकवा, त्याच टाचणीला दोऱ्याने खडा बांधून ओळंबा सोडा आणि दोऱ्याची रेघ कागदावर आखा. मग दुसऱ्या भोकातून लटकवून तसेच करा. दोन रेघा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. तो पुठ्ठ्यावर नसून मधल्या रिकाम्या जागेत असल्याचे दिसेल.

आता थोडा हिशोब करू. चांगला उंच खेळाडू हात आणि मोकळा पाय वर खेचून जमीन सोडतो, तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य सुमारे १.३५ मीटरवर असतो. त्या क्षणी त्याचा वरच्या दिशेचा वेग सेकंदाला ४.५ मीटर धरू. वेगाच्या वर्गाला १९.६ ने भागले की किती वर जाणार ते मिळते. ४.५ चा वर्ग २०.२५. भागाकार १.०३ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य २.३८ मीटरपर्यंत जाणार. आता हाच खेळाडू कात्री पद्धतीने गेला तर २.१० मीटरच्या आसपास अडेल, आणि शरीर काठीभोवती नीट गुंडाळून गेला तर २.३८ मीटरची काठीही ओलांडू शकेल. पायांची ताकद दोन्ही वेळी तेवढीच.

नियमांची अडवणूक

शरीर आडवे करणे फायद्याचे, हे कळल्यावर खेळाडू आणखी पुढे जाऊ लागले. पण डोके आधी काठीपलीकडे गेले तर ती उडी नसून सूर आहे, असा पंचांचा दंडक होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत अमेरिकेच्याच जीन शायली आणि बेब डिड्रिकसन यांची बरोबरी झाली. दोघींनी १.६५ मीटरचा नवा विश्वविक्रम केला. मग पंचांनी ठरवले की डिड्रिकसनचे डोके आधी जाते. सुवर्णपदक शायलीला आणि रौप्य डिड्रिकसनला मिळाले, विश्वविक्रम मात्र दोघींच्या नावे राहिला. पुढे हा दंडक काढून टाकण्यात आला. तो टिकला असता तर आजची बहुतेक प्रत्येक उडी बाद ठरली असती.

बुटांची गोष्टही अशीच. १९५७ साली सोव्हिएत संघाच्या यूरी स्टेपानोवने २.१६ मीटरचा विश्वविक्रम केला. रेटा देणाऱ्या पायातल्या त्याच्या बुटाचा तळ नेहमीपेक्षा बराच जाड होता. त्याचा विक्रम कायम राहिला, पण लगेचच तळाच्या जाडीवर मर्यादा आली. मूळ नियम मात्र तसाच राहिला, आणि तो फार साधा आहे. रेटा एकाच पायावर द्यायचा आणि काठी पाडायची नाही. काठीवरून कसे जायचे यावर पुढे कोणतेच बंधन उरले नाही. उंच उडीत नव्या कल्पनांना एवढा वाव मिळाला तो यामुळे.

पोटावरून काठी

वेस्टर्न रोलमधून स्ट्रॅडल पद्धत आली. हिच्यात खेळाडू पोट काठीकडे करून, घोड्यावर मांड टाकावी तसा, काठीभोवती वळतो. १२ जुलै १९३६ रोजी अमेरिकेच्या निवड चाचणीत कॉर्नेलियस जॉन्सन आणि डेव्हिड आल्ब्रिटन या दोघांनीही २.०७ मीटरचा विश्वविक्रम केला. आल्ब्रिटन हा स्ट्रॅडल वापरणाऱ्या सुरुवातीच्या खेळाडूंपैकी एक. दोघेही कृष्णवर्णीय होते. त्याच वर्षी हिटलरच्या बर्लिनमध्ये जॉन्सनने सुवर्ण आणि आल्ब्रिटनने रौप्यपदक मिळवले.

७ फुटांचा, म्हणजे २.१३ मीटरचा, टप्पा माणसाला ओलांडता येणार नाही असे पुष्कळांना वाटत असे. १९५६ साली चार्ल्स ड्यूमासने २.१५ मीटर उडी मारून तो ओलांडला. चार वर्षांनी जॉन थॉमस २.२२ मीटरवर पोहोचला. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये थॉमसला ब्राँझवर समाधान मानावे लागले. सोव्हिएत संघाच्या रॉबर्ट शावलाकाद्झेने सुवर्ण जिंकले आणि अठरा वर्षांच्या व्हालेरी ब्रुमेलने रौप्य.

हा ब्रुमेल स्ट्रॅडलचा सर्वांत नामांकित खेळाडू. इतरांपेक्षा तो कितीतरी वेगाने धावत येई आणि तो वेग उंचीत बदलून घेई. १९६३ साली मॉस्कोत त्याने २.२८ मीटर उडी मारली. पुढच्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा अक्षरशः चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया वाया गेल्यावर डॉ. गाव्रील इलिझारोव यांनी हाडाभोवती धातूच्या कड्यांचा सांगाडा बसवण्याच्या आपल्या पद्धतीने तो पाय बरा केला. ब्रुमेल पुन्हा २ मीटरच्या वर उडी मारू शकला, पण विक्रमांचे दिवस संपले होते.

पडण्याचा हिशोब

इथवरच्या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान आहे. खेळाडू शेवटी हातापायांवर किंवा फार तर कुशीवर उतरतो. वाळूत किंवा लाकडाच्या भुशात एवढेच शक्य होते. का ते पाहू.

समजा, शरीर दीड मीटर खाली पडले. ते थांबताना जेवढे अंतर रुतेल, त्यावर धक्का किती बसणार हे ठरते. पडण्याचे आणि रुतण्याचे अंतर मिळवून त्याला रुतण्याच्या अंतराने भागले, की धक्का शरीराच्या वजनाच्या सरासरी किती पट आहे ते कळते. वाळूत पाठ ५ सें.मी. रुतली तर १५५ भागिले ५, म्हणजे ३१ पट. मऊ गादीत ५० सें.मी. रुतली तर २०० भागिले ५०, म्हणजे फक्त ४ पट. पायांवर उतरताना गुडघे आणि घोटे वाकतात, म्हणजे रुतण्याचे अंतर आपण शरीरातच तयार करतो. पाठीला आणि मानेला असे वाकता येत नाही. त्यामुळे पाठीवर पडायचे तर रुतण्याचे अंतर जमिनीनेच द्यायला हवे.

ते अंतर फोमच्या गाद्यांनी दिले. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत वाळू आणि भुशाच्या जागी अशा गाद्या येऊ लागल्या. नेमक्या त्याच काळात ऑरेगन राज्यातल्या मेडफर्ड गावात डिक फॉसबरी नावाचा एक उंच, काहीसा बेढब शाळकरी मुलगा उंच उडीत मागे पडत होता. शिक्षक शिकवत ती स्ट्रॅडल त्याला काही केल्या जमेना. म्हणून तो जुन्या कात्री पद्धतीकडे परतला. १९६३ च्या एका स्पर्धेत काठी वर चढत गेली तसा तो कंबर उचलण्यासाठी खांदे मागे टाकू लागला. एका दुपारात त्याची उडी सुमारे अर्ध्या फुटाने वाढली. पुढच्या काळात धाव वक्राकार झाली, पाठ पूर्णपणे काठीकडे वळली, आणि डोके, खांदे, कंबर, पाय असे एकामागून एक काठीवरून जाऊ लागले.

पाठीवर पडण्याची कल्पना त्या काळात आणखी काही जणांना स्वतंत्रपणे सुचली होती. कॅनडाची डेबी ब्रिल ही शाळकरी मुलगी फॉसबरीची उडी न पाहताच तशी उडी मारू लागली होती. वेगवेगळ्या ठिकाणी एकाच सुमारास तीच कल्पना सुचते, तेव्हा परिस्थितीत काय बदलले ते शोधावे, असे विज्ञानाचा इतिहास सांगतो. इथे बदलली ती पलीकडची जमीन.

२० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फॉसबरीने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा प्रेक्षक थक्क होऊन पाहत राहिले. विश्वविक्रम मात्र त्याच्या नावावर कधीच लागला नाही. तो पुढे स्थापत्य अभियंता झाला आणि २०२३ साली वारला.

वक्राकार धावेचे कारण सांगायलाच हवे. वळणावर सायकलस्वार आतल्या बाजूला झुकतो, तसा हा खेळाडू धावताना आत, म्हणजे काठीपासून दूर झुकलेला असतो. त्यामुळे गुडघे फारसे न वाकवताही गुरुत्वमध्य खाली येतो. शेवटच्या पावलाला हे झुकलेले शरीर सरळ होत पलीकडे वळू लागते आणि पाठीवरचे वळण आपोआप मिळते. धावेचा वेग सेकंदाला ७ ते ८ मीटर असतो आणि पाय जमिनीवर सेकंदाचा पाचवा भागसुद्धा टिकत नाही. तेवढ्या वेळात आडव्या वेगाचा काही भाग उभ्या वेगात बदलायचा असतो.

नव्या-जुन्याची दहा वर्षे

फॉसबरीनंतर जुन्या पद्धती ताबडतोब बाद झाल्या असे नाही. १९७१ मध्ये पॅट मॅट्झडॉर्फने २.२९ मीटरचा विश्वविक्रम स्ट्रॅडलनेच केला. त्याआधी १९७० मध्ये चीनच्या नी झीचिननेही २.२९ मीटर उडी मारली होती, पण चीन जागतिक संघटनेचा सदस्य नसल्याने तो विक्रम मानला गेला नाही. फ्लॉपने झालेला पुरुषांचा पहिला विश्वविक्रम १९७३ सालचा, ड्वाइट स्टोन्सचा २.३० मीटर. १९७७ मध्ये अठरा वर्षांच्या व्लादिमीर याश्चेंकोने स्ट्रॅडलने २.३३ आणि पुढच्या वर्षी २.३४ मीटर उडी मारून तो पुन्हा जुन्या पद्धतीकडे खेचला. १९७७ मध्येच पूर्व जर्मनीची रोझमारी आकरमान ही २.०० मीटर ओलांडणारी पहिली महिला ठरली, तीही स्ट्रॅडलनेच.

मग फ्लॉप का जिंकली? उंचीच्या हिशोबात दोन्हींत फार फरक नाही. पण स्ट्रॅडल अंगवळणी पडायला वर्षे लागतात, तर फ्लॉप तुलनेने लवकर जमते, आणि वेगाने धावत येणाऱ्याला ती सोयीची पडते. ज्या देशात गाद्या होत्या, तिथे हजारो मुलांनी ती उचलली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांच्या उलरिके मायफार्टने १.९२ मीटरवर सुवर्ण जिंकत विश्वविक्रमाशी बरोबरी केली. तिची उडी फ्लॉप होती.

पुढचे विक्रम भराभर झाले. चीनच्या चू च्येनहुआने १९८४ मध्ये २.३९ मीटर गाठले. १९८५ मध्ये रुडॉल्फ पोवारनित्सिनने २.४० आणि इगोर पाकलिनने २.४१, तर १९८७ मध्ये स्वीडनच्या पॅट्रिक शोबेरीने २.४२ मीटर. मग क्यूबाचा हाविएर सोतोमायोर आला. १९८८ मध्ये २.४३, १९८९ मध्ये २.४४ आणि २७ जुलै १९९३ रोजी स्पेनमधल्या सालामांका येथे २.४५ मीटर. फुटबॉलच्या गोलाची आडवी दांडी २.४४ मीटरवर असते, म्हणजे तो तिच्याही वरून गेला. २०१४ मध्ये कतारचा मुताझ बारशिम २.४३ मीटरपर्यंत पोहोचला. त्यानंतरची दहा वर्षेही सोतोमायोरचा आकडा अबाधित राहिला. महिलांमध्ये १९८७ सालचा स्तेफ्का कोस्तादिनोवाचा २.०९ मीटरचा विक्रम ३७ वर्षे टिकला. युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये २.१० मीटर उडी मारून तो मोडला.

या टप्प्यांमधली अंतरे पाहा. १९१२ ते १९६३ या ५१ वर्षांत पुरुषांचा विक्रम २८ सें.मी. वाढला. १९६३ ते १९९३ या ३० वर्षांत १७ सें.मी. वाढला. त्यानंतर तीस वर्षे एक सें.मी.ही नाही. शरीर काठीभोवती गुंडाळून मिळणारा फायदा पुरता घेऊन झाला. उरले ते पायांचे बळ आणि वेग, आणि तिथे वाढ अगदी हळू होते.

देवरगावची गादी

आता आपल्याकडे वळू. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भीम सिंगने २.०५ मीटरवर सुवर्णपदक मिळवले, तेव्हा विश्वविक्रम २.२८ मीटर होता. म्हणजे २३ सें.मी.चे अंतर. २०१२ मध्ये सहाना कुमारीने महिलांत १.९२ मीटर उडी मारली. २०१८ मध्ये तेजस्विन शंकरने २.२९ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या वेळी तो अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकत होता. दिव्यांगांच्या पॅरालिंपिकमध्ये तमिळनाडूच्या मरियप्पन थंगवेलूने २०१६ मध्ये १.८९ मीटर उडीवर सुवर्णपदक जिंकले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव सर्वेश कुशारे याचे. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा, जन्म १९९५ चा. गावात फोमची गादी मिळणे शक्य नव्हते. त्याचे क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचे भुसकट आणि तशाच मऊ वस्तू भरून घरगुती गादी तयार केली आणि त्यावर सराव सुरू झाला. वरचा हिशोब आठवा. पाठीला रुतायला अंतर हवे होते, ते या शिक्षकांनी शेतात मिळणाऱ्या वस्तूंतून मिळवले.

पुढे सर्वेश सैन्यात गेला आणि त्याला चांगल्या सोयी मिळाल्या. २०१९ च्या काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो २.२७ मीटरवर पोहोचला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र २.१५ मीटरवर थांबला आणि पात्रता फेरीतच बाद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत गेला. पुरुषांच्या उंच उडीत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. अंतिम फेरीत त्याने २.२८ मीटर ही तोवरची आपली सर्वोत्तम उडी मारली आणि सहावा क्रमांक मिळवला. ज्या २.२८ मीटरवर १९६३ साली ब्रुमेलने जग जिंकले होते, तीच ही उंची.

या गोष्टीचे कौतुक जरूर करावे. पण तिच्यातून ‘जिद्द असली की गादी लागत नाही’ असा अर्थ काढणे चुकीचे होईल. गादी लागतेच, म्हणून तर ती तयार करावी लागली. मोठ्या स्पर्धांसाठी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सें.मी. जाड गादी सांगितलेली असते. ती पाच-दहा खेड्यांत मिळूनही एक नसते. ज्या मुलाला अंगभूत चपळाई आहे, पण पाठीवर पडायला जागाच नाही, त्याची खरी उंची आपल्याला कधी कळतच नाही.

शाळेच्या मैदानावर

म्हणून शिक्षकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली सावधगिरीची. टीव्हीवर पाहून मुले वाळूच्या हौदावर पाठीवर पडायला जातात. हे मुळीच करू देऊ नये. ३१ पट धक्का मानेवर आला तर आयुष्यभराचे अधूपण येऊ शकते. गावाकडे तणस, भुसकट, जुन्या गाद्या वापरता येतात. पण पोते भरले म्हणजे झाले असे नाही. तणस दबते, ओले झाले की घट्ट होते, दोन पोत्यांमध्ये फट राहते आणि नेमकी तिथे मान पडते. अशी गादी जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय वापरू नये.

दुसरी गोष्ट धीराची. गादी नसेल तर कात्री पद्धत आहेच, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. रुमानियाच्या योलांदा बालाशने १९५६ ते १९६१ या काळात १४ वेळा विश्वविक्रम केला, १९६० आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आणि १.९१ मीटरचा तिचा विक्रम दहा वर्षे टिकला. हे सगळे तिने कात्री पद्धतीच्याच सुधारलेल्या प्रकाराने केले. शिवाय फॉसबरीची वाटही कात्रीतूनच निघाली होती. धावेची लय, शेवटची तीन पावले, मोकळ्या पायाचा झोका आणि एका पायावरचा रेटा या साऱ्या गोष्टी कात्रीत शिकता येतात आणि पुढे जशाच्या तशा उपयोगी पडतात.

वर्गात करून पाहण्यासारखे आणखी एक काम आहे. प्रत्येक मुलाने भिंतीशी उभे राहून, हात वर करून खडूची खूण करावी. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांतले अंतर मीटरमध्ये मोजून त्याला १९.६ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. जमीन सोडतानाचा त्याचा उभा वेग मिळेल. अंतर ४० सें.मी. असेल तर ०.४ गुणिले १९.६, म्हणजे ७.८४, आणि त्याचे वर्गमूळ सेकंदाला २.८ मीटर. मग त्याच मुलाने कात्री पद्धतीने ओलांडलेली उंची शेजारी लिहा. वर्षातून दोनदा अशा नोंदी ठेवल्या, तर तीन-चार वर्षांत शाळेचा स्वतःचा इतिहास तयार होईल. भिंतीवरची उडी मोठी पण काठीवरची उडी लहान, अशी मुले त्यात सापडतील. त्यांच्या पायांत बळ आहे, कमी पडते ती पद्धत. वर्ग झाल्यावर दहा मिनिटे जास्त द्यायची असतील तर ती या मुलांना द्यावीत.